लांब तारेचा सारथी : लाइन ड्रायव्हर

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथे गोरक्षनाथांच्या मंदिरी महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. अशा गर्दीत हरवलेल्या मुलाचे नाव पुकारले जाते, तेव्हा ते स्पष्ट ऐकू येणे महत्त्वाचे असते. परंतु माइक व मिक्सर एकीकडे आणि अ‍ॅम्प्लिफायर शंभर मीटरवर असेल, तर मधल्या तारेतच आवाज बिघडू शकतो. (अ‍ॅम्प्लिफायरकडून भोंग्यांकडे जाणारी तार निराळी, तिचा येथे विचार नाही.)

मिक्सरमधील ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजेच ऑप-अँप, दोन टोकांवरील व्होल्टेजमधील सूक्ष्म फरक लाखो पटींनी वाढवतो. बाहेर पडलेल्या सिग्नलचा काही भाग पुन्हा आत वळवून ही वाढ काबूत ठेवली जाते. १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीने आणलेली ७४१ ही चिप त्याचे प्रसिद्ध उदाहरण. काही सेंटिमीटरच्या सर्किटमध्ये ऑप-अँप चोख काम करतो. लांब केबल मात्र त्याला जड जाते. केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धारकता धरली, तर शंभर मीटरला ती १०,००० पिकोफॅरड होते. या भाराने मागे वळवलेला सिग्नल रेंगाळतो आणि चिप स्वतःच कंप पावू लागते. परिणामी आवाज चिरका होतो.

लाइन ड्रायव्हरही आतून बहुधा ऑप-अँपचाच बनलेला असतो, ही गोष्ट अनेकदा ध्यानात येत नाही. फरक आहे तो कामगिरीचा. तो अधिक करंट पुरवतो आणि बाहेरच्या वाटेवर साधारण ५० ओहमचा रोध ठेवून केबलची धारकता चिपपासून अलग राखतो. शिवाय एकच सिग्नल तो दोन तारांवर परस्परविरुद्ध रूपात पाठवतो. वाटेत जनरेटरची गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा घेते आणि गुणगुण जवळपास नाहीशी होते. पलीकडचे यंत्र साधे, एका तारेचे असेल तर हा लाभ अर्थातच मिळत नाही.

एसएसएम २१४२ व डीआरव्ही १३४ या चिप खास याच कामासाठी घडवलेल्या आहेत. चुकीच्या पिनमुळे एक तार जमिनीला जोडली गेली, तर त्या दुसऱ्या तारेवरचा सिग्नल दुप्पट करून आवाजाची पातळी राखतात. दोन साधे ऑप-अँप उलटसुलट जोडून केलेल्या जुगाडात हे साधत नाही. तेथे जमिनीला टेकलेला ऑप-अँप शॉर्ट होऊन आवाज फाटण्याची भीती असते.