उद्यापन आधी की गहाण आधी?



आपल्या शिरोळकडच्या शेतकरी जैन घरांत घराण्याचा इतिहास दोन जागी असतो. एक सातबाऱ्यावर आणि दुसरा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी. जमीन कुणाची आणि किती, ते उताऱ्यावर कळतं. ती का गेली, ते मात्र कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगताना दोष कुणावर तरी ठेवला जातो. आमच्या घरात तो आजेसासूबाईंवर होता.

"आजीच्या उद्यापनात नदीकडचे चार एकर बुडाले," हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले. घरात कुठल्याही सुनेनं व्रत धरलं की कुणीतरी ते काढायचंच. हसत हसत म्हणायचे, पण म्हणायचे. माझ्या धाकट्या जावेनं एकदा सोळहकारणाचा विचार केला आणि या एका वाक्यानं सोडून दिला. तेव्हापासून मला वाटत होतं, एकदा याचा हिशेब बघायलाच हवा.

जुना फेरफार काढून आणला. त्यात १९३२ साली जमीन गहाण पडल्याची नोंद आहे, आणि पुढे काही वर्षांनी ती सावकाराच्या नावावर चढल्याची. कारण काहीच नाही. बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की खतावणीत नुसती रक्कम दिसते. व्यवहार कशापायी झाला ते बघायचं तर रोजकीर्द उघडावी लागते. गावाची रोजकीर्द म्हणजे त्या काळची वर्तमानपत्रं.

घरचे कागद म्हणाल तर २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी फारसे ठेवले नाहीत. वर्तमानपत्राचं तेवढं बरं असतं. आपली प्रत भिजली तरी दुसऱ्या गावी, एखाद्या ग्रंथालयात एक उरलेली असते. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. आपल्या समाजाची पत्रंही जुनी. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' १८८० च्या दशकात सुरू केलं. १८९९ साली स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तिचं मुखपत्र 'प्रगति आणि जिनविजय'. अशी पत्रं जुन्या मंदिरांत, बोर्डिंगांत, कुणाच्या माळ्यावर अजून सापडतात. मी तीन हिवाळे जमेल तसं जाऊन बसले.

बातम्यांत आपल्यासारख्या घरांचं काही नसतं. आपण असतो ते शेवटच्या पानांवर: जाहीर नोटिसा, लिलाव, निधनवार्ता, देणगीदारांच्या याद्या आणि बाजारभाव. नावं शोधणं अवघड, कारण अर्धं गाव पाटील आणि दर पिढीला तीच नावं. म्हणून गाव, नवऱ्याचं नाव आणि सासऱ्याचं नाव अशी तिन्ही जुळल्याशिवाय मी काही उतरवून घेतलं नाही.

पहिलं उत्तर बाजारभावाच्या रकान्यात मिळालं. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि शेतमालाचे भाव तीनचार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. आमच्या घरी तेव्हा गूळ आणि भुईमूग. भाव उतरले, पण सावकाराचं व्याज रोख आणि ठरलेलं, शेतसाराही रोख. म्हणजे ज्या कर्जाला आधी पन्नास ढेपा पुरत होत्या, त्यालाच आता शंभर लागायच्या. एक पैसा जास्त खर्च न करता कर्ज दुप्पट झालं. त्या वर्षांच्या अंकांत गहाणाच्या आणि लिलावाच्या नोटिसा ओळीनं दिसतात. आमचं एकट्याचं घर बुडालं नव्हतं. त्या सगळ्या घरांत काही उद्यापनं झाली नव्हती.

दुसरं उत्तर समाजाच्या साप्ताहिकात होतं, देणगीदारांच्या यादीत. आजेसासूबाईंचं नाव, पुढे गाव, आणि अनंत व्रताच्या उद्यापनाप्रीत्यर्थ अकरा रुपये. तारीख वीर संवत २४६३, भाद्रपद. आपली जुनी पत्रं वाचताना हा हिशेब लक्षात ठेवा: दिवाळीपूर्वीची तारीख असेल तर वीर संवतातून ५२६ वजा करायचे, दिवाळीनंतरची असेल तर ५२७. शक असेल तर साधारण ७८ मिळवायचे. २४६३ चा भाद्रपद म्हणजे १९३७.

गहाण १९३२ चं. उद्यापन १९३७ चं.

पाच वर्षांनंतरच्या खर्चानं आधीचं कर्ज होत नाही, हे सांगायला बी.कॉम. लागत नाही. आणखी एक गोष्ट. अनंत व्रत चौदा वर्षांचं. म्हणजे ते धरलं १९२४ च्या सुमारास, बऱ्या दिवसांत. भाव पडले, शेत गहाण पडलं, तरी त्या बाईनं दर अनंत चतुर्दशीचा उपवास सोडला नाही. उपवासाला पैसे लागत नाहीत. उद्यापनाला लागतात, ते तिनं अकरा रुपयांत बसवलं.

आमच्या चुलत सासूबाई आता नव्वदीला आल्या आहेत. त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अकरा रुपये तिचेच असतील गं. म्हशीचं तूप विकायची ती जयसिंगपुरात. घरात मागितले नसतील." ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं कधी सांगितली नव्हती. कुणी विचारलीच नव्हती.

सातबाऱ्यावर आजेसासूबाईंचं नाव कधीच लागलं नाही. नोटिसांत आहे तो नवरा, दीर, सावकार. छापील कागदावर तिचं स्वतःचं नाव मला सापडलं ते एवढ्या एकाच ठिकाणी, तिनं दिलेल्या दानापुढे. आपल्या किती तरी सासवा-आजेसासवांचं असंच असेल. म्हणून सांगते, जुने अंक रद्दीत घालण्याआधी शेवटची पानं एकदा चाळा. नाव सापडलं तर त्या पानाचा फोटो काढा, आणि पत्राचं नाव व तारीख दिसेल असा काढा. नुसतं कात्रण पुढच्या पिढीला काही सांगत नाही. आणि घरात कुणाच्या माथी काही खापर फुटलेलं असेल, तर आधी दोन तारखा शेजारी शेजारी मांडून बघा.

यंदा पर्युषणात धाकट्या जावेनं अनंत व्रत धरलं आहे. पारण्याला सगळे होते. जुनं वाक्य कुणी काढलं नाही.