मूठ हातात राहिली आणि पातं उडालं

गेल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ करताना माझ्या हातातली तलवार मुठीपाशी तुटली. मूठ हातात राहिली आणि पातं फिरत जाऊन रस्त्याच्या कडेला पडलं. तिथून दोन हातांवर एक सात-आठ वर्षांची पोरगी बापाच्या खांद्यावर बसलेली होती. नशीब म्हणायचं, दुसरं काय! तलवार 'अस्सल दमास्कस पोलादाची' म्हणून चांगले पैसे मोजून घेतली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असलं दुकान काही एकच नाही.

तुटलेला तुकडा घेऊन ओळखीच्या लोहारकाकांकडे गेलो. त्यांनी आधी मुठीतलं शेपूट बघितलं. पात्याच्याच पट्टीचं असायला हवं होतं, तिथे पेन्सिलीएवढी सळई वेल्डिंग केलेली. मग पातं ग्राइंडरला लावलं. "ठिणग्या बघ, नुसत्या सरळ रेघा. फुलत नाहीत. यात कार्बनच नाही, हे पोलाद कसलं?" शेजारी ट्रकचा जुना कमानपाटा पडला होता, तो लावला तर ठिणग्यांची फुलं फुटली. आणि पात्यावरची ती सुंदर नक्षी? ॲसिडने काढलेली. पॉलिश पेपर मारला तर पाच मिनिटांत गेली.

वीस वर्षं तलवारींचं वेड आहे, पण पोलाद म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळायला लागलं. लोखंडात कार्बन जवळपास नसला तर ते मऊ, वाकतं आणि वाकलेलंच राहतं. दोन टक्क्यांच्या वर गेला की बीड, पडलं की फुटतं. तलवार या दोन्हींच्या मधे असते, आजच्या चांगल्या पात्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का. पण नुसत्या कार्बनने भागत नाही. पातं लालभडक तापवून एकदम थंड केलं की कडक होतं, यालाच पाणी देणं म्हणतात. 'पाणीदार' हा शब्द आपण माणसांना लावतो, तो लोहाराच्या भात्याशेजारचा आहे! मात्र नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं तडकतं. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून थोडं नरम करायचं. काका चुंबक जवळ ठेवतात. साधारण ७७० अंशांपाशी लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं, त्यावरून आच कळते.

आता खरं दमास्कस. ज्या पोलादाची ती नक्षीदार पाती व्हायची, त्यातलं बरंचसं आपल्या दख्खनचं. आपल्या नांदेडला लागून निजामाबाद जिल्हा आहे, तिथल्या कोनासमुद्रमला मातीच्या बंद मुशीत हे पोलाद वितळवायचे आणि इस्फहानचे इराणी व्यापारी ते घ्यायला स्वतः येऊन राहायचे. कन्नडमधल्या 'उक्कू'वरून इंग्रजांनी त्याला 'वुट्झ' केलं. १७९४ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉटने त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. पुढे १८१९ मध्ये खुद्द मायकेल फॅरेडे त्याचं पृथक्करण करत बसला. यात कार्बन साधारण दीड टक्का, त्यामुळे नेहमीच्या सवयीने पांढरंफटक तापवून घण घातला की ढेकळासारखं फुटायचं. युरोपातल्या लोहारांना हे सुरुवातीला जमेना. मंद आचेवर, धीराने ठोकत गेलं की त्यातल्या कार्बनच्या संयुगाच्या रेषा पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या उमटतात. म्हणजे नक्षी वरून काढलेली नसते, पोलादाच्या आतच असते.

मग मराठ्यांच्या तलवारींना परदेशी पाती का? हा प्रश्न गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, बऱ्याच जणांना झोंबला. रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून ४७ लाखांना घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, आणि पातं युरोपी बनावटीचं आहे म्हटल्यावर काही मंडळी चिडलीच. अहो, तलवारीवर देवनागरीत सोन्याने नाव कोरलंय, त्यातच शेवटी 'फिरंग' लिहिलंय! ज्याची तलवार होती त्याला लाज वाटली नाही, आपण का वाटून घ्यायची? लांब, सरळ, वाकून परत सरळ होणारं पातं युरोपातून समुद्रमार्गे येत होतं. आपल्या कारागिरांनी त्यावर आपली मूठ चढवली. घोड्यावरून लांब पल्ल्याचा वार करणाऱ्याला लवचीक पातं लागतं. ठिसूळपणाकडे झुकणारं वुट्झ कितीही देखणं असलं, तरी या कामाला फिरंगच बरी, असं मला तरी वाटतं.

आणि साठ-सत्तर किलोच्या तलवारी फॉरवर्ड करणं कृपया थांबवा. खरी लढाईची तलवार किलो-दीड किलोची असते. सत्तर किलोचं काही फिरवून दाखवा, मग बोलू.

सध्या काकांसोबत आमच्या मंडळाच्या तलवारींच्या मुठी एकेक करून उघडतोय. अकरा झाल्या, त्यातल्या सातांत वेल्डिंगची सळईच निघाली. त्या आता फक्त भिंतीवर. आसपासच्या मंडळांना आपल्या तपासून घ्यायच्या असतील तर रविवारी सकाळी घेऊन या. ग्राइंडर आहे, चुंबक आहे, चहा आमच्याकडून.