तिरंदाजीत नेम का चुकतो आणि तो सुधारायचा कसा?

ऑगस्ट २०२३. बर्लिनमधील जागतिक तिरंदाजी स्पर्धा. नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम फेरीत १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचे गुण होते १४९. एका बाणाने एक गुण गमावला आणि जगज्जेतेपद हुकले.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात धनुष्यबाण नवा नाही. माडिया गोंड समाजात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंदी आली. आज मुलांच्या हातात धनुष्य येते ते खेळाचे. मात्र मैदानावर पहिली वाईट फेरी गेली, की "आपला नेमच नाही" असे म्हणून अनेक जण मागे फिरतात. खरे तर वाईट फेरीतूनच चूक सापडते.

लक्ष्य किती लहान असते?

कंपाउंड धनुष्याने ५० मीटरवरून नेम धरतात. तिथे १० गुणांचे वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटर व्यासाचे असते. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह प्रकारात अंतर ७० मीटर आणि वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचे.

नेम धरण्याची साइट डोळ्यापासून साधारण ८५ सेंटीमीटरवर असते. ती १ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर बाण जवळपास ६ सेंटीमीटर सरकतो. म्हणजे बरोबर मध्यभागी जाणारा बाण १० च्या वर्तुळाबाहेर पडतो.

एक बाण चुकला, मग काय?

लगेच काहीही बदलू नये. सर्वात मोठी चूक इथेच होते. बाण डावीकडे गेला म्हणून साइट हलवली, पुढचा उजवीकडे गेला म्हणून पुन्हा हलवली, तर अख्खी फेरी वाया जाते. आधी तीन किंवा सहा बाण मारून ते कुठे लागलेत ते पाहावे. याला खेळाडू 'ग्रुपिंग' म्हणतात.

• बाण एकाच जागी, पण मध्यापासून दूर: तंत्र ठीक आहे, साइट चुकली आहे. बाण जिकडे, साइट तिकडे सरकवायची. बाण खाली लागत असतील तर साइट खाली.

• बाण चहूकडे विखुरलेले: साइटला हात लावू नये. दोष तंत्रात आहे.

तंत्रात नेमके काय बिघडते?

- दोरी ओढल्यावर हात हनुवटीखाली किंवा जबड्याशी दर वेळी त्याच जागी टेकत नाही. त्यामुळे बाण वर-खाली जातात.
- धनुष्य मुठीत घट्ट आवळले जाते. मूठ पिळली, की बाण बाजूला जातो.
- बाण कुठे लागला हे पाहण्याच्या घाईत हात लवकर खाली येतो.
- थकवा. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. घामेजला हात आणि थकलेला खांदा नेम टिकू देत नाहीत. सराव पहाटेच बरा.

ज्यांच्याकडे साइटच नाही त्यांचे काय?

ग्रामीण भागातली अनेक मुले बांबूच्या किंवा लाकडी धनुष्यापासून, म्हणजे 'इंडियन राउंड'पासून सुरुवात करतात. त्यात साइट नसते. बाणाचे टोक, डोळा आणि हात टेकण्याची जागा यांवरच नेम ठरतो. त्यामुळे तंत्र पक्के करण्याला पर्याय उरत नाही. पुढे महागडे धनुष्य हाती आले, तरी ही सवय उपयोगी पडते.

घरच्या सरावात काय करता येईल?

पाच मीटरवर, लक्ष्याचा कागद न लावता बाण मारावेत. गुणांची चिंता नसली, की लक्ष हाताच्या हालचालीकडे जाते. प्रत्येक फेरीनंतर बाण कुठे लागले ते वहीत टिपावे. आठवडाभरात चुकीचा साचा दिसू लागतो. लक्ष्याच्या मागे जाड आडोसा हवा आणि पुढे-मागे कोणी नाही याची खात्रीही हवी.

आता याला महत्त्व का?

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड प्रथमच येत आहे, मिश्र सांघिक प्रकारात. ओजसबरोबर बर्लिनमध्येच साताऱ्याच्या अदिती स्वामीने १७ व्या वर्षी महिलांचे जगज्जेतेपद मिळवले. दोघांचा सराव साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे झाला. विदर्भातल्या मुलाला त्यासाठी घर सोडावे लागले. पण वही, पाच मीटर जागा आणि रोजचा तास यांसाठी गाव सोडावे लागत नाही.