उपग्रह प्रतिमांद्वारे पाणलोट क्षेत्रांतील भूवापर बदलांचा अभ्यास (अहिल्यानगर जिल्हा)

एखाद्या पाणलोट क्षेत्रातील शेती, वन, गवताळ माळ, पडीक जमीन, जलसाठे व वस्ती यांचे क्षेत्र निरनिराळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमांवरून नकाशावर नोंदवून त्यांची तुलना करणे, यास भूवापर बदलांचा अभ्यास म्हणतात. ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी एकाच निर्गमातून बाहेर पडते, तो त्या प्रवाहाचा पाणलोट होय. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात पाणलोट विकासाची कामे दीर्घकाळ झाली असल्याने त्यांचा परिणाम तपासण्यासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

सुमारे १७,०४८ चौ. किमी क्षेत्रफळाचा हा जिल्हा राज्यात सर्वांत मोठा असून तो गोदावरी व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत विभागला आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा भरपूर पाऊस पडतो. उर्वरित बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने, तर नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली मृद् व जलसंधारणाची कामे झाली. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट यांनीही जिल्ह्यात काम केले. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध अशी ‘माथा ते पायथा’ कामे पूर्ण झाल्याची नोंद कागदावर होते. परंतु त्यानंतर जमिनीत काय पालटले, याचे उत्तर त्या नोंदीत नसते. सातबाऱ्यावरील पीकनोंद गावाच्या हद्दीनुसार असते, तर पाण्याची हद्द डोंगराच्या माथ्यावरून जाते. एका गावाचे शिवार दोन-तीन पाणलोटांत विभागलेले असणे ही नेहमीची बाब आहे.

प्रतिमा व त्यांची सूक्ष्मता

भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-१ए १९८८ मध्ये सोडण्यात आला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील प्रतिमा १९७२ पासूनच्या असून २००८ मध्ये त्यांचा संग्रह विनामूल्य खुला झाला. त्यामुळे कामापूर्वीची व नंतरची स्थिती शेजारी ठेवणे सामान्य विद्यार्थ्यासही शक्य झाले.

लँडसॅटच्या १९८२ नंतरच्या उपग्रहांवरील प्रतिमेचा एक चित्रकण ३० मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा असतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा (२०१५) सूक्ष्मतम चित्रकण १० मीटरचा, म्हणजे जवळपास एका गुंठ्याचा आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील ३० × ३० मीटरचे शेततळे लँडसॅटच्या एकाच चित्रकणाएवढे भरते. ते त्या चौकटीत नेमके बसत नाही, म्हणून लगतच्या शेतात मिसळून जाते. चर आणि बांध तर या प्रतिमांत दिसतच नाहीत. दिसतो तो त्यांचा परिणाम.

हंगामाचा प्रश्न

पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा निरुपयोगी ठरतात. म्हणून सामान्यतः खरिपाच्या अखेरीची, रब्बीतील आणि एप्रिल-मे मधील अशा प्रतिमा घेतल्या जातात. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कर्जत, जामखेड भागांत काळी जमीन खरिपात मोकळी ठेवून रब्बी ज्वारी पेरण्याची रीत जुनी आहे. केवळ सप्टेंबरची प्रतिमा पाहिल्यास ही उत्तम शेतजमीन पडीक भासते. अकोल्याच्या डोंगरांत हिवाळी सावल्यांचा गडद भाग पाणी म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. तुलनेसाठी निवडलेल्या वर्षांचे पर्जन्यमानही सारखे असावे लागते. दुष्काळी वर्षाशेजारी चांगल्या पावसाचे वर्ष ठेवले, तर कोणतेही काम यशस्वी दाखविता येते.

हिरवेपणाचा अर्थ

हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात व निकट-अवरक्त किरण परावर्तित करतात. या फरकावरून वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) काढला जातो. उन्हाळ्यात तो वाढला, म्हणजे पाणलोट सुधारला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो नेहमीच खरा नसतो. बेसाल्ट खडकाच्या या प्रदेशात भूजल मर्यादित आहे. मे महिन्यातील हिरवा ठिपका मुरलेल्या पाण्यामुळे असेल, तसाच तो खोल विंधन विहिरीवरील डाळिंबाचा अथवा उसाचाही असेल. प्लास्टिक अंथरलेले शेततळे प्रतिमेत जलसाठा म्हणून मोजले जाते, पण त्यातील पाणी अनेकदा विहिरीतून उपसून भरलेले असते आणि ते पुन्हा जमिनीत मुरत नाही. हिवरे बाजार येथे सिंचनासाठी विंधन विहिरींवर बंदी, ऊस व केळीवर निर्बंध आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद असे नियम आहेत. तेथील हिरवळीचा अर्थ या नियमांविना लागत नाही. म्हणूनच प्रतिमेसोबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतील पातळी पाहणे आवश्यक असते.

वर्गांची नावेही निरुपद्रवी नाहीत. गवताळ माळरान पुष्कळदा ‘पडीक’ वर्गात टाकले जाते. वस्तुतः ते मेंढपाळांचे चराऊ क्षेत्र असते व कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यातील काळविटांचा अधिवासही तसलाच आहे. अशा माळावर शेती वा दाट वृक्षलागवड झाल्यास नकाशा तिला सुधारणा म्हणून दाखवितो.

पडताळणी

वर्गीकरणानंतर काही ठिकाणे निवडून तेथील प्रत्यक्ष भूवापर तपासला जातो व नकाशाची अचूकता टक्केवारीत दिली जाते. जुन्या वर्षांसाठी ही सोय नसल्याने भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलदर्शक पत्रके, पीकपाहणीच्या नोंदी आणि वयस्क शेतकऱ्यांच्या मुलाखती यांचा आधार घेतला जातो. २०२१ पासून राज्यात राबविल्या जाणाऱ्या ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाचे छायाचित्र स्थाननिर्देशांसह नोंदवितात.