‘तलवार’ची तोफ

भुसावळच्या रेल्वे कारखान्यात इंजिन पीओएचला येतं. सांगाडा तोच राहतो, पोटातलं बदलतं. हे आम्हा जळगावकरांना नवं नाही. जुन्या युद्धनौकेचंही तसंच, फक्त नव्यासाठी काय उतरवायचं हा प्रश्न तिथे जास्त अवघड.

८ डिसेंबर १९७१ च्या रात्री चिमुकल्या ‘विनाश’नं कराचीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रं डागली. ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या फ्रिगेट सोबतीला होत्या. त्यांच्याकडे तोफा होत्या, स्टिक्स नव्हती. युद्धानंतर ‘तलवार’ची पुढची साडेचार इंची जोडतोफ उतरवून तिथे तीन स्टिक्स बसवली. मारा कितीतरी लांबला. मला हा सौदा पटतो. पण तोफेत पुन्हा गोळा भरता येतो. तीन क्षेपणास्त्रं सुटली की बंदर गाठावं लागतं.