पोर्तो रिकोतला इग्वाना : शिकार कोणाची, जबाबदारी कोणाची?

आज आपण कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको या बेटाकडे वळू. १८९८ पासून हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. 'इग्वाना' हा शब्द मूळचा त्या भागातल्या ताइनो लोकांचा. शब्द तिथला, पण आज तिथे झाडाझाडांवर दिसणारा हिरवा इग्वाना मात्र बाहेरून आलेला. दिसायला आपल्या घोरपडीचा भाऊबंद, पण खातो पाला, फुलं, फळं.

तो आला १९७० च्या दशकात, पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून. दुकानात वीतभर हिरवं पिल्लू गोड दिसतं. तेच शेपटीसकट दीड मीटरचं झालं की नकोसं होतं. काही निसटले, काही लोकांनी सोडून दिले. मादी एका वेळी २० ते ७० अंडी घालते. मायभूमीत अंडी-पिल्लं खाणारे पुष्कळ. इथे फारसं कोणी नाही. २०१२ च्या सुमारास त्यांची संख्या ४० लाखांवर गेल्याचा अंदाज होता, म्हणजे बेटावरच्या माणसांपेक्षा जास्त!

शेतकऱ्याच्या बाजूने बघा. भोपळ्याची, खरबुजाची कोवळी रोपं रातोरात नाही, तर भर दिवसा, डोळ्यांदेखत फस्त होतात. बहुतेक अन्न बाहेरून आणणाऱ्या बेटावर हे नुकसान लहान नाही. मग कोणी फासे लावतं, कोणी छऱ्यांची बंदूक उचलतं. त्याला क्रूर म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी उभं राहणं अवघड.

२०१२ मध्ये सरकारने शिकार करून मांस निर्यात करण्याची योजना मांडली. मध्य अमेरिकेत हे मांस लोक पूर्वापार खातात. पण इथे एक गोम आहे. ज्या प्राण्यापासून पैसा मिळतो, तो संपावा असं कोणाला वाटेल? १९०२ साली हनोईत फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावलं, तेव्हा लोक शेपटी तोडून उंदीर जिवंत सोडू लागले. पुढे वीण झाली तर पुन्हा शेपट्या मिळणारच!

आणखी जुना दाखला आपल्याच देशाशी जोडलेला आहे. १८७२ मध्ये जमैकातल्या एका ऊसमळेवाल्याने उंदरांचा बंदोबस्त करायला कलकत्त्याहून नऊ मुंगूस मागवले. काही वर्षांत मुंगूस पोर्तो रिकोतही पोहोचला. त्याने उंदरांबरोबर पक्षी, कोंबड्यांची पिल्लंही खाल्ली, आणि आज तिथे तो रेबीज पसरवणारा मुख्य रानटी प्राणी आहे. मुंगूस शेत वाचवायला आणला, इग्वाना हौसेसाठी. दोन्ही वेळा निर्णय माणसाचा.

म्हणून 'आक्रमक' हा शब्द आपण जपून वापरावा. आक्रमणाला हेतू लागतो; इग्वानाला तो नाही. याच बेटाच्या अखत्यारीतल्या मोना बेटावर एक स्थानिक इग्वाना आहे. तो दुर्मीळ आहे, आणि त्याची अंडी उकरतात माणसाने आणलेली डुकरं. तिथे इग्वाना वाचवायचा, इथे मारायचा. दोष जातीचा नाही, जागेचा आहे.

मग शिकार करू नये का? करावी लागेल, आणि हाल न करता करावी. पण ती खुरपणीसारखी आहे. दर हंगामाला करावीच लागते. तिचा खर्च आणि पातक एकट्या शेतकऱ्याच्या माथी का? ज्या व्यापाराने नफा घेतला आणि ज्या शासनाने दार उघडं ठेवलं, त्यांचाही त्यात वाटा हवा.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.