छत्तीसचा आकडा

छत्तीसचा आकडा : दोघांचे कधीच न पटणे दाखवणारा मराठी वाक्प्रचार. ३६ लिहिताना ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात; ६३ मध्ये तेच अंक समोरासमोर येतात. ‘त्या दोघा भावांत छत्तीसचा आकडा आहे’ अशी त्याची नेहमीची वाक्यरचना. एखाद्या मुद्द्यापुरत्या मतभेदाला तो लावत नाहीत. माणसे, घराणी किंवा पक्ष यांच्यातल्या मुरलेल्या वितुष्टालाच तो शोभतो. वैर याहून विकोपाला गेले की ‘दोघांतून विस्तव जात नाही’ म्हणतात. हिंदीतही हा प्रयोग रूढ आहे. पत्रिका जुळवताना मात्र ३६ गुण म्हणजे पूर्ण मेळ.

छत्रपती संभाजीनगरातील विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाला हा वाक्प्रचार लावणे अन्यायाचे आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. पाठ फिरवून बसलेले दोन अंक बरोबरीचे असतात; इथे मारणारा आणि मार खाणारा बरोबरीचे नव्हते. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास असा सोळा वर्षांचा लढा झाला. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ कायम ठेवून त्याआधी बाबासाहेबांचे नाव जोडण्यात आले. हा दिवस ‘नामविस्तार दिन’ म्हणून पाळला जातो.